सगळ्यात लांब नाव

माझ्या सहीचा एक कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर टाईप केलेली बारा वाक्यं आहेत आणि प्रत्येकासमोर माझ्या हाताने 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलेलं आहे. सातव्या वाक्यासमोरचे शब्द मात्र खोडले आहेत आणि खाली बारीक अक्षरात दुसरं काही लिहिलं आहे. ते का खोडावे लागले, ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. धुळ्यातल्या एका लहानशा संगणक कंपनीत नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. कंपनी म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक फोन आणि आम्ही चार जण. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, पारोळ्याला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. कंपनीच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी माझी मार्कशीट बाजूला ठेवून मला एक प्रोग्राम लिहायला लावला, तो वाचला आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." त्या दोन शब्दांचं ओझं मी पुढे बरीच वर्षं आनंदाने वाहिलं.

आमच्याकडे तेव्हा एक मोठं काम आलं होतं. रावेरकडच्या केळी उत्पादकांच्या एका संघाचं. संघाचं ऑफिस जळगावला आणि शाखा तीन. ज्याची बाग कापणीला आली तो शेतकरी शाखेत चिठ्ठी द्यायचा. शाखेतून दुपारी साडेचारच्या आत यादी जळगावला कळवायची, पाचला संघ ट्रकवाल्यांना गाड्यांचा आकडा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कापणीची टोळी यादीतल्या बागांत शिरायची. तयार घडाला थांबायला वेळ नसतो. यादीतून नाव सुटलं तर त्या माणसाची केळी खोडावरच पिकायला लागतात, आणि पिकलेली केळी दिल्लीच्या ट्रकमध्ये कुणी भरत नाही.

हे सगळं तोवर फोनवर ओरडून आणि रजिस्टरमध्ये लिहून चालायचं. आम्ही ते वेबवर आणणार होतो. जळगावच्या ऑफिसात सर्व्हर, त्याला तीन मोडेम, आणि शाखांमधून टेलिफोनच्या तारेवरून ब्राउझर उघडून यादी भरायची. जिल्ह्यात असं कुणी केल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. सर्व्हरचं यंत्र आमच्याकडे एकच होतं. ते मी आणि सरांनी गोधडीत गुंडाळून जीपने जळगावला नेलं. पारोळ्याच्या स्टँडसमोरून जीप गेली तेव्हा नाना दिसतात का म्हणून मी मान वळवून पाहिलं होतं.

नेण्याआधी यंत्राची तपासणी करून सही करायचं काम माझं होतं. सातवं वाक्य होतं, 'शाखेतून वीस नावांचे पूर्ण पान भरता येते व पाठवता येते.' मी वीस नावं भरली. पाठवली. गेली. सही केली.

सोमवारी काम सुरू झालं. सर जळगावला संघाच्या चेअरमनसमोर बसलेले. मी धुळ्याच्या ऑफिसात एकटा. शाखांमधली जुनी रजिस्टरं आदल्या शनिवारीच बांधून कपाटात ठेवली होती.

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे रावेर तालुक्यातल्या शाखेतल्या अक्का होत्या. पन्नाशीच्या, बावीस वर्षं त्याच टेबलावर. मराठी टायपिंगचा त्यांचा हात इतका जलद होता की शिकवायला गेलो तेव्हा मीच त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकून आलो होतो.

"भाऊ, तुमचं यंत्र मला घरात घेत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय होतं, अक्का?"

"अठरा नावं घेतली गपगुमान. एकोणिसावं टाकलं की पांढरं पान आणि इंग्रजीत चार ओळी. मागं जाऊ देत नाही, पुढं जाऊ देत नाही. बंद करून परत उघडलं तर यादी कोरी. पुन्हा अठरा लिहिली. पुन्हा तेच."

"दोनदा लिहिली?"

"दोनदा. तिसऱ्यांदा लिहायला माझी ना नाही, पण त्यानं घेतली पाहिजेत ना. सव्वीस चिठ्ठ्या टोचल्यात तारेला. माणसं बाहेर बाकावर बसलीयत. रजिस्टर तुम्हीच बांधायला लावलं."

मी त्यांना ते इंग्रजी वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. त्याचा अर्थ होता, तुमच्या मागणीच्या हेडरमधली एक ओळ माझ्या मर्यादेपेक्षा लांब आहे.

हेडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा मागणीला तो आपणहून काही ओळी जोडतो. मी कोण, मला काय हवं, आणि मागच्या वेळी तू माझ्याकडे काय ठेवायला दिलं होतंस. ठेवायला दिलेल्या या मजकुराला कुकी म्हणतात. अक्कांनी भरलेलं प्रत्येक नाव मी असंच त्यांच्या ब्राउझरकडे ठेवायला देत होतो आणि पान पूर्ण झालं की एकदम उचलत होतो. म्हणजे दर नव्या नावाबरोबर आधीची सगळी नावं त्या एका ओळीत पुन्हा जायची. सर्व्हर अशी ओळ साधारण आठ हजार अक्षरांपर्यंत ऐकून घेतो. त्यापुढे तो दारच लावून घेतो, मग तुम्ही कुठलंही पान मागा. हे मी वाचलेलं होतं. आठ हजार म्हणजे खूप, असं तेव्हा वाटलं होतं.

"अक्का, तुम्ही नाव कसं लिहिता? एक वाचून दाखवा ना."

त्यांनी वाचलं. माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. मग कंसात 'टाकीजवळचे, मोठ्या आबांचे मधले'. मग राहण्याचं गाव, मूळ गाव, गट नंबर, मळ्याचं नाव आणि बागेला पाणी कोणत्या विहिरीचं ते.

"एवढं सगळं?"

"मग? नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं तर या गावात ते पाच जणांचं आहे. त्यातल्या दोघांच्या वडिलांचं पण नाव एकच. मागं एकदा टोळी भलत्याच्याच बागेत शिरली, कोवळे घड कापून आली. तेव्हापासून मी बठ्ठं लिहिते. तुम्ही तपासलं तेव्हा काय लिहिलं होतं?"

मी 'अ' लिहिलं होतं. मग 'ब', मग 'क'. वीस नावं म्हणजे वीस अक्षरं.

पारोळ्यात लहानाचा मोठा झालेला मी. नानांच्या छापखान्यात लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली भाऊबंदांची नावं चाळीस-चाळीस छापली जायची, प्रत्येकाच्या पुढेमागे नाना, आबा, अक्का, गाव आणि घराची खूण. त्यातलं एक अक्षर कमी केलं तर गिऱ्हाईक प्रूफ परत आणायचं. अशा घरातल्या मुलाने माणसाचं नाव एका अक्षराचं धरलं होतं. त्यात भर म्हणजे आमचा मराठी फॉन्ट. पडद्यावर एक अक्षर दिसायचं, पण आत त्याची दोन-दोन चिन्हं असायची आणि हेडरमध्ये जाताना त्या प्रत्येक चिन्हाची तीन व्हायची.

"अक्का, तुमच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात लांब नाव कोणाचं आहे?" माझ्या तोंडून हे आपोआप गेलं. हा प्रश्न माझा नव्हता, नानांचा होता. पत्रिकेचं काम आलं की ते गिऱ्हाइकाला कागद पुढे करण्याआधी विचारायचे, "बठ्ठास्मा लांबडं नाव कोनतं शे, ते पहिले सांगा." ते नाव आधी जुळवायचे, त्यावरून ओळीची रुंदी ठरवायचे आणि मग बाकीची कितीही नावं आली तरी ती बसायचीच.

अक्कांनी चिठ्ठ्या चाळल्याचा आवाज आला. "हे एक आहे. दत्तक गेलेले आहेत, त्यामुळे वडील दोन लिहावे लागतात. शेवटच्या चिठ्ठीत आहेत. सकाळपासून बसलेत बाहेर."

मी ते नाव फोनवर अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. मग म्हणालो, "अक्का, आता फोन ठेवा, पण मोडेम लावू नका. सर्व्हरला मोडेम तीनच आहेत, तुमच्या जागेवरून मला आत जायचंय. मी फोन करेपर्यंत काही करू नका."

"साडेचार विसरू नका, भाऊ."

घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

खरी अडचण पुढे होती. पानामागे किती नावं सुरक्षित, हे सांगायचं तर सर्व्हरला लांब लांब हेडर पाठवून तो कुठे नाही म्हणतो ते पाहायला हवं होतं. पण तसलं दुसरं यंत्र धुळ्यात नव्हतं. एकमेव सर्व्हर जळगावला चालू होता आणि उरलेल्या दोन शाखा त्याच क्षणी त्यावर याद्या भरत होत्या. माझ्या चाचणीने तो गोठला असता तर तिन्ही शाखा गेल्या असत्या. सरांना न विचारता हे करणं शक्य नव्हतं. विचारायचं तर आधी सातव्या वाक्याबद्दल सांगावं लागणार होतं.

मी जळगावला फोन लावला. सरांनी उचलला.

"सर, एक शाखा अडली आहे. चूक माझी आहे. वीस नावांची तपासणी मी एकेका अक्षराच्या नावांनी केली होती. खरी नावं हेडरमध्ये मावत नाहीत."

सरांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग सर हळू आवाजात म्हणाले, "चेअरमन समोर बसलेत. थोडक्यात उत्तरं दे. तुला चाचणी करायचीय?"

"हो."

"याच यंत्रावर?"

"हो, सर. दुसरं नाही."

"कोसळेल?"

"आतापर्यंत त्याने नुसतं नाकारलंय, कोसळलेला नाही. पण खात्रीने मी सांगू शकत नाही." खात्रीने सांगण्याचा माझा हक्क त्या दिवशी संपलेला होता.

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

मागून चेअरमनचा आवाज आला, "काय म्हणतो तुमचा पोरगा? पहिल्याच दिवशी रुसलं का यंत्र?"

"यंत्र नाही रुसलं, आबा," सर म्हणाले. "आमच्याकडून एक गोष्ट बघायची राहिली होती. ती आता बघतोय." मग मला म्हणाले, "मी पडद्यासमोर बसतो. कर."

आमचा फोन आणि मोडेम एकाच तारेवर. मोडेम लावला की मला कुणी काही सांगू शकणार नव्हतं. सर्व्हर पडला असता तरी मला ते उत्तर आलं नाही यावरूनच कळलं असतं.

मी वीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. दत्तक गेलेल्या त्या शेतकऱ्याचं नाव घ्यायचं, हव्या तितक्या वेळा कुकीच्या ओळीत भरायचं आणि सर्व्हरकडे साधं पहिलं पान मागायचं. मोडेमने शीळ घातली, खरखरला आणि लागला.

आधी पाच. पान आलं. मग दहा. तारेवरून तेवढा मजकूर सरकायलाच चार सेकंद लागायचे, ते मी बोटांवर मोजले. पान आलं. मग एकदम वीस. हे मुद्दाम केलं, कारण पडायचा असेल तर तो आत्ता सर पडद्यासमोर असताना पडलेला बरा होता. पाच, सहा, सात, आठ सेकंद. नवव्या सेकंदाला त्याच चार इंग्रजी ओळी आल्या. नकार मिळाल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. लगेच पुन्हा दहा पाठवले. पान आलं. म्हणजे तो नाही म्हणाल्यावरही जागेवर होता.

मग बारा, गेलं. पंधरा, अडलं. चौदा, अडलं. तेरा पाठवलं आणि पान आलं. खात्रीसाठी तेरा आणि चौदा तीन-तीन वेळा पाठवून पाहिलं. उत्तर बदललं नाही. सगळी नावं त्या सगळ्यात लांब नावाएवढी धरली तर तेरा मावतात. दुसऱ्या एखाद्या शाखेत याहून लांब कुणी निघालाच, तर त्याच्यासाठी जागा सोडून दहा.

आता एक बदल उरला होता. पानावर बरोबर वीस नावं झाली की 'पाठवा'चं बटण दिसायचं. अर्धवट पानं येऊ नयेत म्हणून ते मीच तसं केलं होतं; उरलेल्या नावांच्या शेवटच्या पानासाठी 'यादी संपली' असं वेगळं बटण होतं. ते 'दहा किंवा जास्त' असं करायचं. 'किंवा जास्त' विसरलो असतो तर ज्या शाखेत तेव्हा बारा-तेरा नावं भरून झाली होती, तिला बटणच दिसलं नसतं. ती ओळ मी दोनदा मोठ्याने वाचली, मग जतन केली. मोडेम तोडला.

तीन वाजून दहा मिनिटं.

"अक्का, बंद करून नव्याने उघडा. दहा नावं झाली की पाठवा, मग पुढची दहा, मग उरलेली सहा 'यादी संपली' दाबून. एक विनंती आहे. ते लांब नाव पहिल्या पानात घ्या."

"त्यांचा नंबर शेवटचा आहे."

"माहीत आहे. अडायचं असेल तर ते तुमच्यासमोर लवकर अडू दे."

त्या हसल्या नाहीत. "बाहेरच्यांना सांगते, की संगणकाच्या सोयीसाठी नंबर बदललाय. शिव्या मी खाते, पण आकडा तुमचा चुकायला नको."

फोन ठेवला आणि मग मला करायला काही नव्हतं. त्यांची तार मोडेमने अडवलेली, म्हणजे विचारायची सोय नाही. जळगावला फोन लावायचा तर सर पडद्यासमोरून उठणार. खाली दवाखान्यात एक लहान मूल रडत होतं. मी खिडकीत उभा राहिलो, परत येऊन बसलो. तपासणीच्या कागदाची नक्कल फाईलमधून काढली आणि समोर ठेवली. तीन चाळीस. तीन पंचावन्न. चार वाजता वाटलं, अडलंच असणार, आणि अक्का चौथ्यांदा पहिल्यापासून लिहीत असणार, आणि फोन करायला मोडेम तोडायचं त्यांना सुचत नसणार.

चार वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. सर होते.

"सव्वीस. तीन पानं. मी आणि आबांनी मोजली," ते म्हणाले. "एक नाव तर पडद्याच्या बाहेर चाललंय."

"तेच, सर. त्याच नावावर तपासलं."

"बरं. बाकीच्या दोन्ही शाखाही आल्या. आबा गाड्यांचा आकडा देतायत." मग थांबून म्हणाले, "उद्या येतो. तो कागद काढून ठेव."

रात्री मी राजीनाम्याचे शब्द मनात जुळवत होतो. दुसऱ्या दिवशी सर आले, बॅगेतून मूळ कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ही सही तुझी?"

"हो, सर."

"सातवं खोड. आणि काल जे पाहिलंस ते लिही."

मी खोडलं. काय लिहायचं याचा बराच वेळ विचार केला. 'बरोबर आहे' हे शब्द पुन्हा हातून येईनात. शेवटी लिहिलं, 'शाखेतील सर्वात लांब नाव घेऊन तपासले. अशी तेरा नावे चालतात. चौदावे सर्व्हर नाकारतो, बंद पडत नाही. एका पानात दहा ठेवावीत.'

सरांनी ते वाचलं. "चेअरमन विचारतील, तपासणीच्या कागदावर नाकारतो असं कशाला लिहिलं."

"काय सांगायचं, सर?"

"तूच सांग त्यांना. गुरुवारी तू जळगावला चाललायस. सभासदांची नावं सर्व्हरवर चढवायची आणि हेडरमधून नुसता सभासद नंबर जाईल असं करायचं. त्याला किती दिवस लागतील ते आधी नीट बघून सांग." राजीनाम्याचा विषय माझ्या मनातच राहिला.

रविवारी पारोळ्याला गेलो. छापखाना अर्धा दिवस उघडा असायचा. नाना एका पत्रिकेचे खिळे जुळवत होते, चष्मा कपाळावर. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. हेडर, कुकी हे शब्द त्यांना नवे होते, पण नाव ओळीत मावलं नाही हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मी 'अ', 'ब', 'क' लिहून सही केल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला. रागावले नाहीत. त्यांचा प्रश्न मी अक्कांना विचारल्याचंही सांगितलं. त्यांनी खिळे बसवायच्या पट्टीतली ओळ पूर्ण केली, ती अंगठ्याने दाबून पाहिली.

मग म्हणाले, "त्या शेवटल्या चिठ्ठीवाल्यानी केयी कापाई गयी का?"

हे मी मंगळवारी सकाळी अक्कांना फोन करून विचारून घेतलं होतं. टोळी पहाटे सगळ्यात आधी त्यांच्याच बागेत शिरली होती.

"कापाई गयी, नाना," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या नावाचे खिळे उचलायला घेतले.